‘यातले खोटे काय?’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारला जावा : विधी आयोगाला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
भारताचा विधी आयोग, नवी दिल्ली

सविनय नमस्कार.

बदनामी हा फौजदारी गुन्हा म्हणून कायम ठेवावा, अशी शिफारस बाविसाव्या विधी आयोगाने २०२४च्या सुरुवातीला आपल्या २८५व्या अहवालात केली. त्याआधी १३ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुब्रमण्यम स्वामी प्रकरणात या गुन्ह्याची घटनात्मक वैधता उचलून धरलीच होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या कलम ४९९ व ५०० ची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ ने घेतली आणि शिक्षांच्या यादीत समाजसेवेची भर पडली. दोन वर्षांपर्यंतचा साधा कारावास होता तसाच राहिला. हा गुन्हा पुस्तकातून कायमचा काढून टाकावा असे माझे वैयक्तिक मत आहे, परंतु त्या वादाचा निकाल तूर्त लागलेला आहे आणि तो पुन्हा उकरून काढण्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही. माझी मागणी त्याहून पुष्कळ लहान आहे. वृत्तपत्राविरुद्ध बदनामीची फिर्याद किंवा अब्रुनुकसानीचा दावा दाखल करणाऱ्याने, बातमीतले कोणते विधान खोटे आहे आणि त्याबाबतची खरी वस्तुस्थिती काय आहे, हे पहिल्याच दिवशी शपथेवर सांगावे, आणि ते सांगितल्याखेरीज न्यायालयाने पुढे पाऊल टाकू नये, अशी तरतूद आपण सुचवावी.

मी उपसंपादक म्हणून आयुष्याचा मोठा भाग वृत्तपत्राच्या टेबलावर काढला. ही मागणी ऐकून कायद्याच्या क्षेत्राबाहेरचे लोक चकित होतात, कारण फिर्यादीला हे आजही सांगावे लागत असणारच, असे त्यांनी गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात ते सांगावे लागत नाही. दुसऱ्याच्या नावलौकिकाला बाध यावा या हेतूने, किंवा तो येईल याची जाणीव असताना केलेले विधान म्हणजे बदनामी, एवढीच कलम ३५६ची व्याख्या आहे आणि विधान खोटे असले पाहिजे अशी अट तिच्यात नाही. फिर्यादीने बातमीचे कात्रण जोडावे, ती वाचून नातेवाईक आणि परिचित आपल्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले असे शपथेवर सांगावे, त्याला दुजोरा देणारे एकदोन साक्षीदार उभे करावेत, की समन्स निघण्यापुरती सामग्री जमली. सत्याचा प्रवेश होतो तो पुढे, दहा अपवादांपैकी पहिल्या अपवादात, आणि तिथेही अपवाद सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर असते. एरवी फौजदारी न्यायशास्त्रात आरोपीला निर्दोष मानून सुरुवात होते. इथे छापलेला मजकूर आरोपीने खरा ठरवून दाखवेपर्यंत तो जणू खोटाच, असे मानून खटला चालतो.

पहिल्या अपवादाला दोन पाय आहेत. आरोप खरा असला पाहिजे आणि तो करणे किंवा प्रसिद्ध करणे लोकहिताचे असले पाहिजे. अब्रुनुकसानीच्या दिवाणी दाव्यात सत्य हा स्वतःच पूर्ण बचाव मानला जातो. फौजदारीत मात्र तो अर्धा बचाव ठरतो. म्हणजे ज्या बातमीसाठी वृत्तपत्राला एक रुपयाही भरपाई द्यावी लागणार नाही, त्याच बातमीसाठी तत्त्वतः बातमीदार तुरुंगात जाऊ शकतो. या विसंगतीचे समर्थन मी अनेकदा वाचले आहे. ते मला अजून पटलेले नाही. थॉमस मेकॉले यांच्या अध्यक्षतेखालील आपल्याच पहिल्या पूर्वसूरींनी १८३७ साली दंड संहितेचा जो मसुदा तयार केला, त्यात खरे विधान बदनामी ठरणार नाही एवढेच म्हटले होते, लोकहिताचे शेपूट त्याला नव्हते. ते पुढे १८६०च्या कायद्यात जोडले गेले. इंग्लंडमध्ये फौजदारी बदनामीच्या खटल्यांत १८४३च्या कायद्यापासून अशीच जोडअट होती, पण तिथे २००९च्या कायद्याने हा गुन्हाच रद्द झाला आणि त्याबरोबर ती अटही गेली. आपण १८६०चे ते वाक्य २०२३च्या नव्या संहितेत जवळपास जसेच्या तसे उचलून ठेवले.

याच अपवादाला आणखी एक वाक्य चिकटलेले आहे आणि माझ्या मते सगळी अडचण त्याच वाक्यात आहे. विधान लोकहिताचे आहे की नाही हा वस्तुस्थितीचा प्रश्न आहे, असे ते सांगते. वाचायला निरुपद्रवी वाटणाऱ्या या वाक्याचा व्यवहारातला अर्थ असा, की वस्तुस्थितीचा प्रश्न म्हटला की साक्षीपुरावा आला, साक्षीपुरावा म्हटला की पूर्ण खटला आला, आणि पूर्ण खटला म्हटला की वर्षे आली. संपादक उच्च न्यायालयात जातो, फिर्याद रद्द करा म्हणून अर्ज करतो, बातमीला आधार असलेले कागद दाखवतो, आणि बहुतेक वेळा त्याला उत्तर मिळते की हा तुमचा बचाव आहे, तो खटल्यात मांडा. सर्वोच्च न्यायालयाने ‘इंडिया टुडे’चे मुख्य संपादक अरुण पुरी यांच्या प्रकरणात ऑक्टोबर २०२२ मध्ये सांगितले, की योग्य प्रकरणात हे अपवाद सुरुवातीच्या टप्प्यावरही विचारात घेता येतात. निर्णय स्वागतार्हच आहे. परंतु योग्य प्रकरण कोणते याचा ठाम नियम नसल्याने ते त्या त्या न्यायाधीशावर अवलंबून राहते. शिवाय ज्या लेखावरून ही फिर्याद झाली तो २००७ सालचा होता, म्हणजे मुख्य संपादकांची सुटका व्हायला पंधरा वर्षे लागली. लेख लिहिणाऱ्या बातमीदारावरचा खटला तर त्या निकालानेही रद्द झाला नाही.

ही वर्षे कशी जातात हे आयोगाच्या सदस्यांना न्यायासनावरून माहीत असेल. आरोपीच्या बाकावरून ते थोडे वेगळे दिसते. समन्स येते ते बऱ्याचदा ज्या गावी बातमीदार कधी गेलेलाही नाही तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयाचे, कारण त्या गावातही अंकाच्या चार प्रती जातात. पहिल्या तारखेला जामीनदार, त्याच्या मालमत्तेचा उतारा आणि सगळ्यांच्या आधार कार्डाच्या प्रती घेऊन हजर राहावे लागते. पुकारा होईपर्यंत व्हरांड्यात उभे राहायचे, पुकारा झाला की आत जायचे, आणि फिर्यादी आजारी असल्याचा अर्ज त्याच्या वकिलाने दिलेला असतो म्हणून पुढची तारीख घेऊन बाहेर यायचे. फिर्यादीला हजेरीची माफी सहज मिळते. आरोपीला प्रत्येक वेळी त्यासाठी अर्ज करावा लागतो आणि एखाद्या वेळी तो नामंजूर होऊन वॉरंटही निघते. मधल्या काळात बातमीदाराची नोकरी बदलते आणि जुने वृत्तपत्र वकिलाची फी द्यायला कां-कूं करू लागते. या संपूर्ण अवधीत, बातमी खरी होती का, हा प्रश्न कोणीही विचारलेला नसतो. त्याचा क्रम आरोपीला आरोप समजावून सांगितल्यावर, फिर्यादीचा पुरावा संपल्यावर आणि आरोपीचा जबाब झाल्यावर येतो.

आता टेबलाच्या अलीकडची बाजू. वकिलाची नोटीस येते तेव्हा कार्यालयात पहिला प्रश्न ‘बातमी खरी आहे का’ हा नसतोच. तो असतो ‘मूळ कागद कुठे आहे’. एखाद्या अधिकाऱ्याने बातमीदाराला फाइलमधले पान दाखवलेले असते, त्याची झेरॉक्स दिलेली असते आणि ते पान खरे असते. न्यायालयात मात्र मूळ कागद किंवा साक्षांकित प्रत लागते, आणि ती ज्या कार्यालयाकडून आणायची ते बहुधा बातमीतलेच कार्यालय असते. फोनवरचे संभाषण ध्वनिमुद्रित केलेले असेल तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र लागते. बातमी छापली त्या दिवशीचा मोबाइल बदललेला असेल, तर ते देताना वेगळीच कसरत. ज्याने माहिती दिली त्याला साक्षीला बोलवावे तर त्याची नोकरी जाते, आणि न बोलवावे तर सत्याचा पुरावा जातो. वृत्तपत्राला आपल्या माहितीचा स्रोत उघड करण्याची सक्ती करता येणार नाही, असे संरक्षण १९७८च्या प्रेस कौन्सिल कायद्यात आहे खरे, पण ते फक्त प्रेस कौन्सिलपुढच्या कामकाजाला लागू होते. न्यायदंडाधिकाऱ्यापुढे त्याचा उपयोग नाही. खरे असणे आणि खरे म्हणून सिद्ध करता येणे यांच्यामधल्या या जागेत प्रामाणिक बातमीदार सापडतो, आणि पैसेवाल्या फिर्यादीला ती जागा अचूक ठाऊक असते.

टिळक आणि आगरकर १८८२ साली याच जागेत सापडले होते. कोल्हापूरचे दिवाण माधवराव बर्वे हे तरुण महाराजांचा छळ करीत असल्याचे आरोप ‘केसरी’ आणि ‘मराठा’मध्ये आले, बर्वे यांनी बदनामीची फिर्याद केली, आणि ज्या पत्रांच्या आधारावर मजकूर छापला होता ती पत्रे बनावट असल्याचे निष्पन्न झाले. सत्याचा बचाव तिथेच कोसळला. दोघांनी दिलगिरी व्यक्त केली तरी खटला चालला, चार महिन्यांची साधी कैद झाली आणि सूट वजा जाता १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. आपल्याकडे या घटनेची आठवण त्यागाची गोष्ट म्हणून सांगितली जाते, आणि ते योग्यही आहे. मला मात्र तिच्यातला कायद्याचा भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. दुसऱ्याने आणून दिलेल्या कागदावर विसंबून, तो खरा मानून, सार्वजनिक काळजीच्या विषयावर लिहिणाऱ्या संपादकाला कितपत संरक्षण असावे, हा प्रश्न तेव्हा होता आणि आजही तसाच आहे. संहितेतल्या सद्भावाच्या अपवादात ‘योग्य ती काळजी आणि लक्ष’ ही कसोटी आहे. ती कुठे पुरी झाली आणि कुठे नाही, हेही पुन्हा अखेरीसच ठरते. सरन्यायाधीश प्र. बा. गजेंद्रगडकर यांनी १९६५ साली हरभजन सिंग खटल्यात एवढे स्पष्ट केले, की अपवाद सिद्ध करताना आरोपीने संशयातीत पुरावा देण्याची गरज नाही, आपले म्हणणे अधिक संभवनीय आहे इतके दाखवले तरी पुरे. वजन त्यामुळे हलके झाले. पण ते उचलण्याची वेळ काही अलीकडे आली नाही.

टिळक-आगरकरांच्या खटल्याच्या वीस वर्षे आधी मुंबईत घडलेला दुसरा खटला आयोगाने या संदर्भात जरूर पाहावा. ‘सत्यप्रकाश’ या गुजराती पत्राचे संपादक करसनदास मुळजी यांनी ऑक्टोबर १८६० मध्ये वल्लभ संप्रदायातील महाराजांच्या, म्हणजे धर्मगुरूंच्या, वर्तनावर लेख लिहिला. जदुनाथजी महाराज यांनी संपादकावर आणि मुद्रकावर ५०,००० रुपयांचा दावा लावला. करसनदासांनी माफी मागितली नाही, लिहिले ते खरे आहे असाच बचाव घेतला. २५ जानेवारी १८६२ रोजी सुनावणी सुरू झाली आणि २२ एप्रिलला निकाल लागला. साक्षीदारांत डॉक्टर भाऊ दाजी लाड होते आणि त्यांनी वैद्य या नात्याने जे पाहिले होते ते शपथेवर सांगितले. सत्याचा बचाव मान्य झाला आणि खर्चापोटी करसनदासांना ११,५०० रुपये मिळाले. दंड संहिता त्याच वर्षी १ जानेवारीला अमलात आली होती, हा योगायोग मला नेहमी चमत्कारिक वाटतो. त्या न्यायालयात मुख्य वाद सुरुवातीपासून एकच राहिला, की लिहिलेले खरे आहे की नाही. म्हणून तीन महिन्यांत तो मिटला. खरे ठरले तर खर्चही परत मिळेल, याची संपादकाला काहीतरी आशा होती. आज बदनामीचा फौजदारी खटला दहा वर्षांनी जिंकणाऱ्या संपादकाला काय परत मिळते, हे आयोगाने एकदा कोणत्याही वृत्तपत्राच्या वकिलाला विचारावे.

दिवाणी दाव्यांबद्दल इथेच थोडे सांगतो. शंभर कोटी, पाचशे कोटी असे आकडे मागणीत असतात, पण तो पैसा मिळेल अशी आशा दावा लावणाऱ्यालाही नसते. महाराष्ट्रासारख्या राज्यात कोर्ट फीला कमाल मर्यादा असल्याने मागणीत शून्ये वाढवायला फारसा खर्च येत नाही, आणि छोट्या साप्ताहिकाच्या मालकाची झोप उडवायला नोटिशीतला आकडा पुरतो. भरपाईपेक्षा मोलाचा असतो तो अंतरिम मनाई हुकूम. तो मिळाला की बातमी संकेतस्थळावरून उतरते, पुढचा भाग छापता येत नाही, आणि मग दावा कितीही रेंगाळला तरी दावा लावणाऱ्याची तक्रार नसते. इंग्लंडच्या न्यायालयाने १८९१ सालीच बॉनार्ड विरुद्ध पेरीमन प्रकरणात सांगितले होते, की प्रतिवादी सत्याचा बचाव घेणार असेल तर सुनावणीपूर्वी मजकूर रोखू नये, तो उघड खोटा असेल तरच अपवाद करावा. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२४ मध्ये ब्लूमबर्ग या वृत्तसंस्थेच्या प्रकरणात ही कसोटी पुन्हा बजावली, आणि सार्वजनिक चर्चा दडपण्यासाठी लावल्या जाणाऱ्या दाव्यांचा उल्लेखही केला. तत्त्व स्पष्ट आहे. ते खालच्या न्यायालयांत एकतर्फी हुकूम देताना आठवले जावे, यासाठी ते कायद्यात लिहिले गेले पाहिजे.

वृत्तपत्रे निर्दोष आहेत असे मी म्हणत नाही. पहिल्या पानावर चार स्तंभांत आरोप आणि सातव्या पानाच्या तळाशी, निविदांच्या शेजारी, बारीक टंकात खुलासा, हा प्रकार मी टेबलावर बसून पाहिलेला आहे. मथळ्यात प्रश्नचिन्ह टाकले किंवा ‘असे समजते’ लिहिले की जबाबदारी टळते, हा समजही आमच्या धंद्यात पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे. दुसऱ्याचा आरोप पुन्हा छापणे हेही छापणेच, हे कायदा सांगतो आणि बरोबरच सांगतो. २००८ साली एका दूरचित्रवाणी वाहिनीने घोटाळ्याच्या बातमीत दुसऱ्याच न्यायाधीशांऐवजी निवृत्त न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचे छायाचित्र काही सेकंद दाखवले. चूक कळल्यावर छायाचित्र थांबले, पण जाहीर दिलगिरी यायला दिवस लागले आणि पुण्याच्या न्यायालयाने २०११ साली १०० कोटी रुपयांची भरपाई ठरवली. रक्कम अवाजवी होती असे मला वाटते, न्यायमूर्तींचा राग मात्र अवाजवी नव्हता. खोट्या बातमीने घायाळ झालेल्या माणसालाही आजची पद्धत काही देत नाही. २००१ साली झालेल्या एका छुप्या चित्रीकरणाच्या वृत्तांतात लाच मागितल्याचा आरोप ज्या लष्करी अधिकाऱ्यावर आला होता, त्याला दिल्ली उच्च न्यायालयाने २ कोटी रुपये देवविले ते २०२३ साली. बातमीतले कोणते वाक्य खोटे, हा प्रश्न पहिल्याच वर्षी ऐरणीवर आला असता तर त्या अधिकाऱ्याची उमेदीची वर्षे वाचली असती. माझ्या मागणीचा फायदा वृत्तपत्रांइतकाच अशा फिर्यादींनाही आहे, आणि तोटा असलाच तर तो बातमी खरी आहे हे मनोमन जाणून कोर्टात येणाऱ्यांचा.

अशा लोकांना शपथेची भीती वाटली पाहिजे. ब्रिटनमध्ये जेफ्री आर्चर यांनी १९८७ साली ‘डेली स्टार’कडून ५ लाख पौंडांची भरपाई मिळवली, त्या दाव्यात खोटे बोलल्याबद्दल २००१ साली त्यांना चार वर्षांची शिक्षा झाली. ‘गार्डियन’वर दावा लावणारे माजी मंत्री जोनाथन एटकिन यांचा दावा १९९७ साली कोसळला आणि १९९९ साली खोट्या शपथेबद्दल तेही तुरुंगात गेले. आपल्याकडे फिर्यादीला बातमीतल्या कोणत्याच तपशिलाबद्दल नेमके काही नाकारावे लागत नाही. ‘बातमी खोटी, निराधार व हेतुपुरस्सर आहे’ हे साच्यातले वाक्य चालते. साच्यातल्या वाक्यावर खोट्या शपथेचा खटला उभा राहत नाही. ‘त्या तारखेला त्या कंपनीत माझे समभाग नव्हते’ या वाक्यावर राहू शकतो.

ही तरतूद बसवायला जागा शोधावी लागणार नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ ने एक चांगली गोष्ट केली आहे: खाजगी फिर्यादीची दखल घेण्यापूर्वी आरोपीला म्हणणे मांडण्याची संधी देणे बंधनकारक केले आहे. परंतु त्या संधीत त्याने काय मांडायचे आणि न्यायाधीशाने काय पाहायचे याबद्दल कलम गप्प आहे. बदनामीच्या फिर्यादीपुरते तिथे स्पष्ट लिहावे, की फिर्यादीने खोटी म्हणून दाखवलेली विधाने महालेखापालांचा अहवाल, न्यायालयीन निकाल, विधिमंडळाचे कामकाज, माहिती अधिकारात मिळालेले उत्तर किंवा तत्सम सार्वजनिक अभिलेखावर आधारलेली असतील, आणि त्यांचे सार खरे असेल, तर दखल घेऊ नये. अभिलेखापलीकडच्या बातम्यांबाबत आरोपीने आपली पडताळणी दाखवावी, म्हणजे कोणाला विचारले, कोणते कागद पाहिले, ज्याच्याविरुद्ध बातमी आहे त्याची बाजू घेतली का. ती वाजवी दिसली तर फिर्याद तिथेच संपावी. सरकारी पदाधिकाऱ्यांच्या कामकाजाविषयी दिवाणी बाबतीत १९९४च्या राजगोपाल निकालाने साधारण हीच कसोटी घालून दिलेली आहे. फौजदारीत आरोपीला त्याहून कमी संरक्षण असावे याला मला कारण दिसत नाही.

‘सार खरे असेल’ हे शब्द मी मुद्दाम वापरले. १९६० साली ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये छापून आलेल्या ज्या जाहिरातीवरून अलाबामातल्या सलिव्हन नावाच्या अधिकाऱ्याने लावलेला खटला उभा राहिला, तिच्यात मार्टिन ल्यूथर किंग यांना सात वेळा अटक झाल्याचे म्हटले होते, प्रत्यक्षात ती चार वेळा झाली होती. विद्यार्थ्यांनी गायलेले गाणेही चुकीचे दिले होते. अशा तपशिलांमुळे सत्याचा बचाव टिकला नाही आणि अलाबामाच्या न्यायालयात ५ लाख डॉलरचा बोजा पत्रावर पडला. तो उतरायला १९६४ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला. आकड्यातली चूक दुरुस्तीला पात्र असते, तुरुंगाला नव्हे. तसेच, लोकहित सिद्ध करण्याचे ओझे खऱ्या बातमीवरून काढून, यात लोकांचा काही संबंध नाही असे म्हणणाऱ्यावर टाकावे. खाजगीपणाच्या रक्षणासाठी, तो मूलभूत हक्क ठरवणाऱ्या २०१७च्या पुट्टस्वामी निकालापासून, स्वतंत्र आधार उपलब्ध आहे, आणि पीडितांची ओळख उघड करण्याविरुद्ध वेगळी कलमे आहेतच. त्यासाठी बदनामीच्या कलमाने सत्याची कोंडी करण्याची गरज उरत नाही.

उरलेल्या दोन गोष्टी थोडक्यात. एकाच बातमीवरून निरनिराळ्या जिल्ह्यांत दाखल झालेल्या फिर्यादी एकाच न्यायालयात, आणि शक्यतो वृत्तपत्र जिथून प्रसिद्ध होते तिथे, चालाव्यात. मंत्री आणि सरकारी पदाधिकाऱ्यांच्या वतीने सरकारी वकिलाने थेट सत्र न्यायालयात फिर्याद करण्याची सोय (आता नागरिक सुरक्षा संहितेचे कलम २२२) बंद करावी. तमिळनाडूत पाच वर्षांत असे दोनशेहून अधिक खटले झाल्याचे २०१६ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आले. मद्रास उच्च न्यायालयाने मे २०२० मध्ये संपादकांवरच्या अशा अनेक फिर्यादी रद्द केल्या आणि सरकारी वकिलाने टपाल कार्यालयासारखे वागू नये असे सुनावले, तोवर त्यातल्या काही फिर्यादी आठ-नऊ वर्षे जुन्या झाल्या होत्या. करदात्याच्या पैशाने करदात्याच्या वृत्तपत्रावर खटला, हे लोकशाहीत शोभत नाही एवढेच म्हणून हा विषय सोडतो.

माल्टाच्या पत्रकार डॅफ्ने कारुआना गालिझिया यांची १६ ऑक्टोबर २०१७ रोजी बॉम्बस्फोटात हत्या झाली, तेव्हा त्यांच्यावर चाळीसहून अधिक बदनामीचे दावे प्रलंबित होते. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा युरोपीय संघाचा निर्देश २०२४ साली संमत झाला. उघडपणे निराधार दावे सुरुवातीलाच फेटाळण्याची आणि दावा लावणाऱ्यावर खर्च बसवण्याची तरतूद त्यात आहे. आपल्याला तो जसाच्या तसा उचलायचा नाही, त्याची व्याप्ती सीमापार दिवाणी दाव्यांपुरती आहे. पण लवकर फेटाळणे आणि खर्च बसवणे ही दोन्ही हत्यारे आपल्या न्यायाधीशांच्या हाती आज जवळजवळ नाहीत, आणि ती द्यायला घटनादुरुस्ती लागत नाही.

आयोग एखाद्या विषयावर अहवाल करताना संबंधितांना प्रश्नावली पाठवतो. फौजदारी प्रक्रियेविषयीच्या पुढच्या प्रश्नावलीत, ‘बदनामीच्या फिर्यादीत खोटे विधान नेमके नमूद करणे व ते शपथेवर नाकारणे ही दखलपूर्व अट असावी काय?’ एवढा एक प्रश्न घालावा, ही विनंती. उत्तर पाठवणाऱ्यांत जिल्ह्याच्या ठिकाणी चालणाऱ्या दैनिकांचे आणि साप्ताहिकांचे संपादकही असतील असे पाहावे; दिल्ली-मुंबईच्या मोठ्या पत्रांकडे कायद्याचा विभाग असतो, यांच्याकडे गावातला एक ओळखीचा वकील असतो, आणि समन्स जास्त यांनाच येतात. फिर्यादी कोणत्या टप्प्यावर अडकून पडल्या आहेत याची माहिती आयोगाने उच्च न्यायालयांकडून मागवली, तर मी वर जे लिहिले ते पडताळून पाहता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त उपसंपादक